अठ्ठावीस तारखेचा कांदा

९ सप्टेंबर १९९६, सोमवार

डॉक्टरनं सांगितलंय, रोज सकाळी रक्तदाब मोजायचा, वहीत लिहायचा आणि त्यासमोर लिहायचं की डोकं कशानं तापलं. म्हटलं, डॉक्टर, वही पुरायची नाही. तो हसला नाही. माझी बस बंद केली त्यानं, आता कशाला हसेल! तीस वर्षं त्रिकाला शहरातून डोंगरात गाडी नेली, घाटातलं प्रत्येक वळण झोपेत घेईन, आणि आता गॅलरीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघतो.

आजचा दाब: चढलेला. कारण: फोतिनी. "स्ताथी, अरे पाय हलवू नकोस, टेबल हलतंय." कॉफी संपेपर्यंत हेच. पाय माझा, टेबल माझं. त्या पायाला क्लच दाबायची सवय आहे, तो तरी काय करणार? बायकोला हे कळत नाही. नवरा घरात बसला की बायकोला त्याचे पायसुद्धा जास्त वाटायला लागतात.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आज लिहिण्यासारखं आहे. माझ्या रूटवर आता निकिफोरोस गाडी नेतो, तो कॉफीला आला होता. म्हणाला, वर पेत्रोव्रिसी गावाच्या चौकात नवा दगड बसवतायत. चाळीस सालच्या बायकांसाठी. इटलीवाले ग्रीसच्या डोंगरात घुसले तेव्हा आपल्या फौजेची खेचरं बर्फात अडकली आणि ज्या बायकांनी तोफगोळ्यांच्या पेट्या पाठीला बांधून वर नेल्या, त्यांची नावं कोरणार. अठ्ठावीस ऑक्टोबरला, लढाई सुरू झाली त्या दिवशी, उद्घाटन. बँड, पाद्री, जिल्ह्याचे साहेब, सगळा थाट.

मी कप खाली ठेवला. "निकिफोरे, माझी आई होती त्यात."

"माहितेय की," तो म्हणाला. "तुझ्या गाडीत बसलेल्या प्रत्येकाला माहितेय. तिकिटाबरोबर फुकट मिळायची ती गोष्ट."

हसला मेला. पण खोटं नाही बोलला. पेत्रोव्रिसीच्या खालच्या फाट्यावर गाडी थांबली की मी बोट दाखवायचो, ती पायवाट बघा, माझी आई तिथनं पेटी घेऊन चढलीय. वर गावात मात्र मी कधी गेलो नाही. रस्ताच आत्ता-आत्ता झाला, आणि आई म्हणायची, "तिकडे काय ठेवलंय, गाडी बघ तुझी."

पन्नासावर वर्षं झाली, त्या बायकांना कुणी पाणी विचारलं नाही. आता दगड होतोय तर त्यावर तिचं नाव पाहिजेच. आई शहात्तर वर्षांची आहे. दुसरा दगड व्हायची वाट बघायला तिच्याकडे वेळ नाही. हे काम माझं, आणि ते मी करणार. किती दिवसांनी छातीत इंजिन सुरू झाल्यासारखं वाटतंय.

१५ सप्टेंबर, रविवार

आईला सांगितलं. शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "इतकी वर्षं दगडावाचून काय अडलं माझं?"

"आई, सन्मान आहे तो तुझा!"

"मग तू घे. तुला शोभेल. पोट आहे, मिशी आहे."

फोतिनी आत हसली. मी म्हटलं, मी सरपंचाला भेटणार, तू फक्त त्या दिवशी चल. तर आई म्हणाली, गुडघे चालत नाहीत. गाडी दारात लावतो म्हटलं. गाडीत मळमळतं म्हणाली. तीस वर्षं जिचा मुलगा बस चालवत होता तिला गाडीत मळमळतं! मी हात टेकले.

तिची गोष्ट तशी छोटीच आहे. पेटी दोरानं पाठीला आवळायची, बर्फात ओणवं होऊन चढायचं, येताना जखमी माणूस आणायचा. वर तोफेपाशी एक शिपाई होता. त्याला तिनं स्वतः विणलेले लोकरीचे मोजे दिले. त्यानं ते पायात न घालता हातात घातले, कारण थंडीत तोफेचं लोखंड कातडीला चिकटायचं. म्हणाला, पुढच्या खेपेला कांदा आण, नुसता पाव घशाखाली उतरत नाही. पुढच्या खेपेला तिनं कांदा नेला. शिपाई नव्हता, तोफही नव्हती. कांदा तिनं परत खाली आणला. झाली गोष्ट. त्या शिपायाचं काय झालं असं विचारलं की म्हणायची, "सापडला नाही," आणि उठून चुलीकडे जायची.

बाबांनी ती गोष्ट मनावर घेतली होती. दर अठ्ठावीस ऑक्टोबरला सकाळी ते बाजारातून एक कांदा आणायचे, एकच, नीट पारखून. आईसमोर टेबलावर ठेवायचे आणि काही न बोलता आपल्या पिठाच्या चक्कीवर निघून जायचे. सुट्टी असली तरी. दुपारपर्यंत परत यायचे नाहीत. तो कांदा घरात कुणी चिरायचा नाही. लहानपणी मी एकदा उचलला तर बाबांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. जन्मात माझ्यावर आवाज न चढवलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांचे ओठ पांढरे पडले होते. पिठानं नव्हे. लंगडत चालायचे म्हणून त्यांना लढाईवर घेतलं नव्हतं. मी समजायचो, बायकोला त्यांचा हा सलाम आहे. त्या कांद्याला मी 'बाबांचं पदक' म्हणायचो. बाबा जाऊन आता दहा वर्षं झाली. नंतर कांद्याचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज माझ्या संताचा दिवस, म्हणजे माझ्या नावाचा सण. सकाळपासून घरात माणसं. सगळे माझ्यासाठी मिठाई आणतात आणि मला सोडून सगळे खातात.

धाकट्याचा, वांगेलीचा, स्टुटगार्टहून फोन. दर वर्षीचा त्याचा एकच विनोद: "दादा, तुला चक्कीच्या पाटातनं काढून आणलाय." कारण आमच्यात थोरल्याला वडिलांच्या वडिलांचं नाव, यात कुणी दुसरा विचार करत नाही. पण माझ्या वेळी आईनं संताला नवस केला म्हणे, म्हणून मी स्ताथी झालो आणि वांगेली आजोबा धाकट्याच्या वाट्याला गेले. अंगानंही तो बाबांसारखा, बुटका आणि रुंद. मी शाळेत अख्ख्या वर्गाच्या वर डोकं काढून बसायचो. मास्तर विचारायचे, तुझा जन्म खरा कधीचा रे? मला कुठे माहीत! डोंगरातली दप्तरं जर्मनांनी जाळली, नंतर बाबांनी जाऊन नवीन कागद केले.

मी फोनवर नेहमीसारखं म्हटलं, "लेका, आईचं सगळं दूध मी संपवलं, तू कसा वाढणार?" सगळे हसले. आई नाही हसली. ताट उचलून आत गेली. हल्ली तिला आमची थट्टा आवडत नाही. म्हातारपण.

२९ सप्टेंबर, रविवार

दाब मोजायचं यंत्र मी आज पेटीतून काढलंच नाही. उगीच बिघडायचं.

पेत्रोव्रिसीला गेलो. सरपंच मेनेलाओस. नाव पुराणातल्या राजाचं आणि माणूस बघा. खिशाला दोन पेनं, एकही चालत नव्हतं. म्हणाला, "बाईचं नाव?"

"थोमेना."

आमच्याकडे लग्न झालं की बाईला नवऱ्याच्याच नावानं हाक. थोमासची ती थोमेना, थानासीची ती थानासेना. आईचं स्वतःचं नाव आसिमो, पण ते प्रार्थनेच्या वेळी पाद्री घेईल तेवढंच. दगडावरही हीच नावं येणार. चढताना ज्या हाकेला ओ द्यायची तेच नाव कोरायचं, असं म्हाताऱ्यांनी ठरवलंय.

"त्यांनाच विचारा," मेनेलाओस म्हणाला. कॉफीच्या दुकानाबाहेर त्या बसल्या होत्या. पेट्या नेलेल्यांपैकी आता तिघीच उरल्यात. मधली थानासेना. अठ्ठ्याहत्तरची असेल, काठी टेकलेली, पण जीभ एकदम ठणठणीत.

"थोमेना?" ती म्हणाली. "आमच्यात नव्हती. या गावात थोमासच नव्हता, तर थोमेना काय आभाळातनं पडली?"

"मावशी, ती त्या हिवाळ्यात इथेच होती."

"कुणाच्या घरी?"

बोंबला. ते मी आईला कधी विचारलंच नव्हतं. म्हटलं, तिचं खरं नाव आसिमो. तर तिघीही हसल्या. "आसिमो? पोरा, त्या वर्षी या गावात दगड मारला तर आसिमोला लागायचा."

मी पायवाट सांगितली, वळणावरचं पोकळ झाड सांगितलं. थानासेना म्हणाली, "झाड बसमधनं पण दिसतं. हल्ली खालच्या मैदानातली प्रत्येक म्हातारी आमच्याबरोबर चढली होती. एवढ्या बायका असत्या तर पेट्या आम्ही थेट रोमला पोचवल्या असत्या."

मी काय बोललो ते वहीत लिहीत नाही. सरपंचानं माझा दंड धरून मला गाडीपर्यंत आणलं. माझी आई खोटारडी? येताना एका वळणावर गाडी इतकी रेटली की माझा मलाच घाम फुटला.

१ ऑक्टोबर, मंगळवार

आईला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. सकाळी नाश्त्यालाच सांगून टाकलं.

ती म्हणाली, "थोमेनाला त्या कशा ओळखतील?"

"म्हणजे? होतीस की नव्हतीस?"

"होते."

"मग कुणाकडे राहत होतीस? एखादं नाव सांग, मी त्यांच्या तोंडावर फेकतो."

"स्ताथी, अंडं गार होतंय."

पुढे एक अक्षर नाही. दरवेळी हे असंच. ही बाई जन्मभर एखादं वाक्य बोलते आणि मग भांडी घासते.

६ ऑक्टोबर, रविवार

बातमी खाली पोचली. कॉफीच्या दुकानात एकजण म्हणाला, "काय स्ताथी, दगडवाले काय म्हणतात?" आणि सगळे आपापल्या कपात बघायला लागले. निकिफोरोससुद्धा.

खरं लिहितो, ही वही कुणी वाचणार नाही. काल दिवसभर माझ्या डोक्यात एकच किडा होता. तिनं कुठेतरी ऐकलेली गोष्ट स्वतःची म्हणून सांगितली असेल तर? त्या काळी अशा गोष्टी सगळीकडे ऐकू यायच्या. नवरा लंगडा, लढाईवर न गेलेला, लोक टोमणे मारणार, म्हणून तिनं घराची अब्रू राखायला एक गोष्ट उसनी घेतली, आणि मग बाबांनी तिच्यासाठी ती खरी मानली, कांद्यासकट. असं झालं असेल तर मी तिला दोष देणार नाही. पण मग मी तीस वर्षं त्या फाट्यावर बोट कशाला दाखवत होतो? लोकांना, अनोळखी माणसांना. ते आठवलं की कान तापतात.

फोतिनीला बोललो. ती म्हणाली, "तुझी आई खोटं बोलत नाही. बोलतच नाही मुळी." आणि वर, "तू वर जाऊन आरडाओरडा करू नकोस. विचारायचंच असेल तर शांतपणे गोष्ट सांग, सगळी."

१३ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा गेलो. थानासेना तिच्या अंगणात एकटीच होती, अक्रोड फोडत. मी टोपी काढली. म्हटलं, मावशी, भांडायला नाही आलो. आईनं सांगितलेली गोष्ट तेवढी ऐका, मग खोटी म्हणा.

मोज्यांचं सांगितलं. हातात घातलेले मोजे, तोफेचं लोखंड. कांदा.

तिची हातोडी थांबली. "हे कुणी सांगितलं तुला?"

"आईनं. अजून कोण सांगणार?"

"इकडे ये. उजेडात." म्हातारीनं माझी हनुवटी धरली, पंचावन्नाच्या माणसाची, आणि घोड्याचे दात बघतात तशी वळवली. मग म्हणाली, "नाव काय म्हणालास तुझं?"

"स्ताथी."

"हं. हे अक्रोडाचं झाड पण एका स्ताथीनं लावलेलं. म्हातारा होता. पलीकडच्या त्या जळक्या भिंती त्याच्या घराच्या. एकच मुलगा त्याला, लाम्ब्रोस. तो तोफेवर गेला आणि परत..."

"मावशी," मी म्हटलं, कारण माझ्या अंगात काही धीर नाही, "तुमच्या गावाचा इतिहास मी नंतर ऐकतो. माझ्या आईचं नाव दगडावर येतंय की नाही, ते सांगा."

ती जोरात हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि मग डोक्याच्या रुमालानं पुसत राहिली. "अरे गाढवा," म्हणाली. मग एकदम गंभीर. "आईला माझा निरोप सांग. म्हणावं, दगडावर लाम्ब्रेना आहे. नावापुढे क्रूस आहे, मेलेल्यांच्या पुढे असतो तसा. घर जळल्यावर पाठीला पोर बांधून ती खाली गेली, पुन्हा कळलं नाही, म्हणून आम्ही तिला मेलेल्यांत घातलं. अठ्ठावीसला नावं पुकारतील. तिच्या नावाला ओ द्यायला तिच्या घरचं कुणी नाही. एवढं सांग."

"आणि थोमेना?"

"एवढंच सांग म्हटलं ना!"

जाताना माझ्या दोन्ही खिशांत अक्रोड कोंबले. "खा. तुझेच आहेत." म्हातारीचं डोकं फिरलंय. मी माझ्या आईचं नाव मागायला जातो आणि ही मला भलतीच बाई देते.

१४ ऑक्टोबर, सोमवार

निरोप सांगितला, चिडूनच सांगितला. आई दूध तापवत होती. लाम्ब्रेना म्हटलं, क्रूस म्हटलं, ओ द्यायला कुणी नाही म्हटलं. ती माझ्याकडे पाठ करून उभी. दूध उतू गेलं, शेगडीभर पसरलं, तरी तिनं हात हलवला नाही. शेवटी फोतिनीनं धावत येऊन गॅस बंद केला.

"अक्रोड दिले का तिनं?" आईनं विचारलं.

"दिले. का?"

"आण बघू."

एक फोडला, तोंडात टाकला, बराच वेळ चघळत राहिली.

१६ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी आई म्हणाली, "अठ्ठावीसला मी येते."

मी म्हटलं, आता कशाला? नाव नाही, काही नाही, लोकांत उभं राहून काय बघणार? गुडघ्यांचं काय, मळमळण्याचं काय?

"बघू," ती म्हणाली. "माझे काळे बूट चांभाराकडे टाक."

फोतिनी मला खुणेनं गप्प बस म्हणत होती. या दोघींचं काहीतरी शिजतंय आणि मला कुणी काही सांगत नाही. दिवसभर घरात येरझाऱ्या घातल्या. पाय हलवायला बंदी, मग चालायचं तरी.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सरपंचाला फोन. तो म्हणाला, "दगड कोरून झाला, आता बदलणार नाही. तुमच्या आईला पुढच्या रांगेत खुर्ची देतो, म्हणजे झालं?"

नाही झालं. मी ठरवलंय. नावं पुकारून संपली की पुढे जाणार, माईक घेणार आणि सांगणार, अजून एक नाव राहिलंय. मग बँड वाजवा नाही तर पोलीस बोलवा. भाषण पाठ करतोय. 'थोमेना' म्हणताना दर वेळी आवाज चिरकतो. अजूनही त्या किड्यानं मला सोडलेलं नाही. खोटं असेल तर? सगळ्या डोंगरासमोर मी आईलाच उघडं पाडीन.

आई मात्र म्हणते, कधी नाही इतकी झोप लागते.

२८ ऑक्टोबर, सोमवार

क्रमानं लिहायचा प्रयत्न करतो.

सकाळी आई काळे बूट, काळा रुमाल घालून तयार होऊन बसली होती. निघताना म्हणाली, "एक कांदा घे."

"वर जेवण आहे, आई. मेंढी भाजतायत."

"घे म्हटलं ना."

फोतिनीनं टोपलीतला मोठा बघून दिला. आईनं कोटाच्या खिशात ठेवला आणि सगळ्या घाटात खिशावर हात. मळमळलं नाही तिला. फाट्यावर आलो तेव्हा मी सवयीनं बोट दाखवलं. आई म्हणाली, "ती वाट नव्हे. आम्ही वरच्या अंगानं चढायचो. तू इतकी वर्षं लोकांना चुकीचीच वाट दाखवलीस."

चौक भरलेला. चेस्टनटच्या झाडाखाली जुना दगड, शिपायांचा. त्याच्या शेजारी नवा, वर झेंडा पांघरलेला. त्या तिघी म्हाताऱ्या खुर्च्यांवर. थानासेनानं आम्हाला येताना बघितलं, पण जागची उठली नाही. नुसती काठी दोन्ही हातांनी धरली.

झेंडा काढला. पाद्रीनं प्रार्थना म्हटली. मग मेनेलाओसनं नावं पुकारायला सुरुवात केली. जिवंत तिघी स्वतः ओ द्यायच्या. क्रूसवाल्या बाईचं नाव आलं की तिच्या घरची माणसं आणि त्यांच्याबरोबर सगळा चौक ओरडायचा, "हजर!" मी माझं भाषण तोंडातल्या तोंडात घोकत होतो, पाय हलत होता.

"लाम्ब्रेना!"

घरचं कुणी नाही. चौकानं श्वास घेतला तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. मोठा नाही. भाजीवाल्याला थांबवतात तेवढाच.

"हजर. मी इथे आहे."

मी वळून बघितलं तर आईच. काठी टेकून उभी.

मेनेलाओस कागदात बघतो, आईकडे बघतो, परत कागदात. "आजी, ही बाई वारलीय."

"मग मला बसू दे की खाली," आई म्हणाली. "पाय दुखतायत माझे."

थानासेना उठली. इतक्या गर्दीत तिला वाट लगेच मिळाली. दोघी समोरासमोर उभ्या. मला वाटलं मिठी मारतील. नाही.

"आलीस?"

"आले."

"उशीर केलास."

"रस्ता नव्हता," आई म्हणाली.

मग दोघी एकमेकींच्या दंडाला धरून जुन्या दगडाकडे गेल्या. आईनं शिपायांच्या नावांवरून बोट फिरवत फिरवत एका ओळीवर ठेवलं. मी मागून वाचलं. लाम्ब्रोस, बापाचं नाव स्ताथी. तिनं खिशातून कांदा काढला आणि दगडाच्या पायाशी ठेवला, हारांच्या मध्ये. "घे," म्हणाली. बस्स.

चढावर गाडी बंद पडते तसा मी उभा होतो. भाषण तोंडातच राहिलं. एकेक गोष्ट येऊन आदळायला लागली. नवस. शाळेतली उंची. पाठीला बांधलेलं पोर. अक्रोड. ज्या म्हाताऱ्याच्या नावाचा मी आहे, त्याच्या जळक्या भिंतीला मी गेल्या वेळी गाडी टेकवून लावली होती. आणि म्हणे तीस वर्षं रस्ता ओळखणारा ड्रायव्हर!

जेवताना मेनेलाओस येऊन म्हणाला, "आजी, क्रूस आम्ही काढून टाकू, उद्याच कारागीर बोलावतो." आई म्हणाली, "राहू दे. लाम्ब्रेना गेलीच ना रे. आणि थोमेनाच्याही लवकरच कामाला येईल." थानासेना खो-खो हसली. मी माझी मेंढी फोतिनीच्या ताटात टाकली.

परत येताना घाट उतरायला लागलो. फोतिनी मागे बसून रडत होती, आवाज न करता. शेवटी मीच विचारलं, "मी त्याचा?"

"वर गेले तेव्हा पोटात होतास. त्याला सांगितलं होतं, मोजे दिले तेव्हा. म्हणूनच हसत होता तो, मोजे हातात घालून." तिनं डोक्यावरचा रुमाल नीट केला. "सापडला नाही म्हणून आम्ही वाट बघत राहिलो. म्हातारा म्हणाला, बाप मेला असं मानून पोराला त्याचं नाव नको, तो जिवंत आहे असं धरून माझं नाव द्या. मग जर्मनांनी गाव जाळलं. पेटीच्या दोरानं तुला पाठीला बांधलं आणि खाली आले. चक्कीवर पीठ मागायला थांबले. थोमासनं पीठ दिलं आणि काही विचारलं नाही."

"कधीच नाही?"

"लग्नाच्या वेळी म्हणाला, पोरगा माझाच राहू दे. त्यानं दुसरं काही मागितलं नाही जन्मात."

"बाबा जाऊन दहा वर्षं झाली, आई! नंतर तरी सांगायचंस!"

"तो गेला म्हणून शब्द मोडू होय? पण ओ द्यायला कुणी नाही असा थानासेनाचा निरोप आला, तेव्हा मात्र नाही राहवलं मला."

मी गाडी बाजूला घेतली. राग येत होता, खूप येत होता, पण कुणावर काढावा कळत नव्हतं. लाम्ब्रोसवर? तो सत्तावीसचा असेल, माझ्या निम्मा. मी विचारलं, "म्हणजे बाबांना तो शिपाई कोण ते माहीत होतं?"

आईनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा शाळेतला झालो.

"मग कांदा कोण आणत होतं?" ती म्हणाली.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

दाब बराच उतरलाय. कारणाचा रकाना मोकळा सोडतो.

सकाळी उठून बाजारात गेलो. कांदेवाल्यानं विचारलं, किलोभर? म्हटलं, एक. तो म्हणाला, एकाचं काय करणार? मी ढिगात हात घालून शोधत राहिलो. एक मऊ, एकाला कोंब, एकाची साल उतरलेली. बाबा इतका वेळ का लावायचे ते आज कळलं.

आई कॉफी घेत होती. तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

"अरे, काल दिला की."

"हा त्याचा नाही," मी म्हटलं. "हा बाबांचा."

तिनं कांदा हातात घेऊन दाबून बघितला. मग डोळे पुसले, कप बाजूला सारला, खुंटीवरचा कोट काढला आणि कांदा खिशात टाकला.

"गाडी काढ," म्हणाली. "दफनभूमीचं फाटक दुपारी बंद होतं."